तैवानमधील निवडणुका आणि सामुद्रधुनीपलीकडचे संबंध : सत्तांतराने नेमके काय बदलते?

धागालेखक : अक्षांश

दोन शेजारी सरकारे एकमेकांचे अस्तित्वच मान्य करीत नसतील, आणि त्यांपैकी एकाच बाजूला दर चार वर्षांनी खुले मतदान होत असेल, तर त्या मतदानाने दोघांच्या संबंधांत काय बदलते आणि काय बदलत नाही, हा प्रश्न चर्चेला घ्यावा म्हणून हा धागा काढत आहे. तैवानचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी ‘तणाव वाढणार’ किंवा ‘तणाव निवळणार’ असे एका ओळीचे भाकीत वाचायला मिळते. प्रत्यक्षात घडते ते याहून गुंतागुंतीचे असते. माझे मत असे की निवडणूक, तैवान चीनचाच भाग आहे की नाही, या मूळ वादाला फारसा हात लावू शकत नाही. ती बदलते ते बोलण्याचे मार्ग. हे मार्ग किती वेगाने उघडतात किंवा बंद होतात, हे मतदारांइतकेच समोरच्या राजधानीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1949 मध्ये चीनमधील यादवी युद्धात कम्युनिस्टांकडून पराभूत झालेले कुओमिंतांगचे (राष्ट्रवादी पक्षाचे) सरकार तैवानमध्ये आले आणि 1987 पर्यंत तेथे लष्करी कायदा लागू होता. तो उठल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्य भूमीवरील, म्हणजे चीनमधील, नातेवाइकांना भेटण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी सरकारी नावे टाळून दोन अर्धसरकारी संस्था उभ्या केल्या आणि 1992 मध्ये हाँगकाँग येथे त्यांची बोलणी झाली. ‘चीन एकच आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावावा’ असे त्या बोलण्यांचे वर्णन कुओमिंतांग करते. बीजिंग त्यातील पहिल्या भागावर भर देते, तर तैवानच्या वेगळ्या ओळखीवर भर देणारी डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी (पुढे डीपीपी) अशी सहमती झालीच नव्हती, असे म्हणते. या एका सूत्राचा स्वीकार किंवा नकार यावर पुढचे सगळे दरवाजे अवलंबून राहिले आहेत.

आता 2008 चे सत्तांतर जरा बारकाईने पाहू. 22 मार्चला कुओमिंतांगचे मा यिंग-ज्यू अध्यक्षपदी सुमारे 58 टक्के मते मिळवून निवडून आले. शपथविधी 20 मे रोजी होता. मधल्या काळात, 12 एप्रिलला, नियोजित उपाध्यक्ष व्हिन्सेंट स्यू यांनी बोआओ येथील आर्थिक परिषदेच्या निमित्ताने चीनचे तत्कालीन अध्यक्ष हू जिंताओ यांची भेट घेतली. मे अखेरीस कुओमिंतांगचे पक्षाध्यक्ष बीजिंगमध्ये होते. जूनच्या मध्यावर त्या दोन अर्धसरकारी संस्थांची बोलणी सुमारे नऊ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली आणि 4 जुलैला सप्ताहअखेरीची थेट विमाने उडू लागली. वर्ष संपण्यापूर्वी विमान, जहाज आणि टपाल हे तिन्ही मार्ग नियमितपणे खुले झाले होते. 2010 मध्ये आर्थिक सहकार्याचा चौकट-करार झाला, ज्यात तैवानच्या 539 वस्तूंना आणि मुख्य भूमीच्या 267 वस्तूंना जकातीत सवलत मिळाली. मा यांच्या आठ वर्षांत एकूण 23 करार झाले. शपथविधीपासून पहिल्या विमानापर्यंत दीड महिना लागला, हे लक्षात घेतले की निवडणुकीची ताकद कळते. मात्र त्या दीड महिन्यामागे 2005 पासूनची तयारी होती. तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या कुओमिंतांगचे नेते ल्येन चान यांनी बीजिंगला जाऊन हू यांची भेट घेतली होती आणि पुढे जे घडले त्याचा आराखडा त्या भेटीतच तयार झाला होता.

2016 मध्ये हेच चक्र उलट दिशेने फिरले. 16 जानेवारीला डीपीपीच्या त्साय इंग-वेन विजयी झाल्या आणि शपथविधीपर्यंत चार महिने उरले. हा मधला काळ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मावळते सरकार काही ठरवू शकत नाही, येणारे सरकार अजून बांधलेले नसते, आणि समोरची बाजू नेमकी याच काळात आपली किंमत सांगते. गांबियाचे उदाहरण पाहावे. या देशाने नोव्हेंबर 2013 मध्ये तैवानशी संबंध तोडले होते, परंतु मा यांच्या काळात परस्परांचे मित्रदेश (राजनैतिक मान्यता देणारे देश) न पळवण्याचा अलिखित संकेत असल्याने बीजिंगने त्याला दोन वर्षांहून अधिक काळ दारात उभे ठेवले. त्साय यांच्या विजयानंतर दोनच महिन्यांनी, 17 मार्च 2016 रोजी, बीजिंगने गांबियाशी राजनैतिक संबंध पूर्ववत केले. कोणतीही घोषणा न करता संदेश पोहोचला होता.

त्साय यांनी शपथविधीच्या भाषणात 1992 च्या बोलण्यांचा ‘ऐतिहासिक वस्तुस्थिती’ म्हणून आदर व्यक्त केला, पण ‘एक चीन’ हे शब्द उच्चारले नाहीत. बीजिंगने त्या भाषणाला अपूर्ण सोडवलेली उत्तरपत्रिका म्हटले आणि जूनमध्ये जाहीर केले की 20 मेपासून अधिकृत संपर्कयंत्रणा थांबलेली आहे. दोन्ही बाजूंच्या संबंधित खात्यांच्या प्रमुखांमध्ये थेट दूरध्वनीची सोय डिसेंबर 2015 च्या अखेरीस, म्हणजे मतदानाच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, सुरू झाली होती. ती निकामी झाली. त्यानंतर पर्यटकगट आटले, जागतिक आरोग्य परिषदेचे 2009 पासून मिळणारे निरीक्षकपदाचे निमंत्रण 2017 पासून बंद झाले, आणि 22 मित्रदेशांची संख्या घटत जानेवारी 2024 मध्ये नाउरू गेल्यावर 12 वर आली.

यावरून मला असे विचारावेसे वाटते की, मतदारांनी सरकार बदलले म्हणून टपाल, अपघातातील मदत किंवा मृतांची ओळख पटवणे यांसारख्या गोष्टींचे मार्गही बंद व्हावेत का? असे मार्ग निवडणुकीच्या आवाक्याबाहेर ठेवणे शक्य आहे का? जाणकारांनी उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : तटस्थ

धागा उत्तम आहे, परंतु ‘कुओमिंतांग आले की मार्ग उघडतात आणि डीपीपी आली की बंद होतात’ असे चित्र त्यातून तयार होते, ते मला अपुरे वाटते. चेन श्वेई-ब्यान 2000 मध्ये अवघ्या 39 टक्के मतांवर निवडून आले, तेही विरोधकांची मते दोन उमेदवारांत विभागली गेल्यामुळे. ते डीपीपीतून आलेले तैवानचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते आणि तरीही मुख्य भूमीलगतच्या, पण तैवानच्या ताब्यातील किनमेन व मात्सू या बेटांवरून मुख्य भूमीशी थेट जहाजवाहतूक जानेवारी 2001 मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाली. 2005 च्या नववर्षाच्या सणाला दोन्ही बाजूंची विमाने वाटेत न उतरता समोरासमोर गेली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. मुख्य भूमी ही तैवानची सर्वांत मोठी निर्यात बाजारपेठ बनली, तीदेखील याच वर्षांत.

याहून ठळक गोष्ट त्साय यांच्या काळातील आहे. राजकीय संवाद पूर्णपणे गोठलेला असताना 2020 मध्ये तैवानच्या एकूण निर्यातीपैकी 40 टक्क्यांहून अधिक माल मुख्य भूमी आणि हाँगकाँगकडे जात होता. त्यातील मोठा भाग सेमीकंडक्टरचा होता. या मालावरील जकात जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक करारामुळे आधीच शून्य असल्याने त्याला दोन सरकारांच्या मैत्रीची गरजच नव्हती, आणि चीनच्या कारखान्यांना तो हवाच होता. 2024 पर्यंत हा वाटा एक तृतीयांशाच्या खाली आला, पण त्याची कारणे अमेरिकेकडून वाढलेली मागणी, निर्यातनिर्बंध आणि कंपन्यांचे स्थलांतर ही होती. एखाद्या निवडणुकीच्या निकालाशी ती जोडता येत नाहीत. निवडणुकीचा फटका कोणाला बसतो, तर ज्यांच्या मालाला पर्याय सहज मिळतो त्यांना. मार्च 2021 मध्ये किडीचे कारण देऊन अननसाची आयात थांबवली गेली, सप्टेंबरमध्ये सीताफळ व जांब यांची, आणि जून 2022 मध्ये ग्रूपर माशांची. तोपर्यंत तैवानच्या अननस-निर्यातीपैकी 90 टक्क्यांहून अधिक माल मुख्य भूमीलाच जात असे. चिप बनवणारा सुरक्षित राहतो आणि बागायतदार भरडला जातो, ही विषमता ‘संबंध बिघडले’ या दोन शब्दांत झाकली जाते.

प्रतिसाद : वाचनवेडा

दोन्ही लेखन वाचून एक प्रश्न पडला. निकालानंतरच्या दबावाविषयी आपण लिहिलेत, परंतु मतदानापूर्वी मतदारांना घाबरवण्याचा किंवा चुचकारण्याचा प्रयत्न होतो, तो कितपत यशस्वी होतो? शेजाऱ्याला निवडणूक जिंकून देता येते का?

प्रतिसाद : अक्षांश

वाचनवेडा, आपण विचारलेला प्रश्न विषयाच्या गाभ्याशी नेणारा आहे. मार्च 1996 मध्ये तैवानच्या पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी चीनने कीलुंग आणि काओश्युंग या दोन बंदरांजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली. अमेरिकेने दोन विमानवाहू नौकांचे ताफे पाठवले. ज्यांना धडा शिकवायचा होता ते तत्कालीन अध्यक्ष ली तेंग-ह्वे 54 टक्के मतांनी निवडून आले. 2000 मध्ये मतदानाच्या तीन दिवस आधी चीनचे पंतप्रधान चू रोंगची यांनी दूरचित्रवाणीवर कठोर शब्दांत इशारा दिला आणि निवडून आले ते चेनच. 2 जानेवारी 2019 रोजी शी जिनपिंग यांनी तैवानसाठी ‘एक देश, दोन व्यवस्था’ या, हाँगकाँगला लागू केलेल्या धोरणाचा पुनरुच्चार केला. त्या वेळी त्साय यांचा पक्ष स्थानिक निवडणुकांत सपाटून हरलेला होता आणि त्यांनी पक्षाध्यक्षपदही सोडले होते. त्या भाषणाला त्यांनी ठाम नकार दिला, जूनपासून हाँगकाँगचे रस्ते बीजिंगविरोधी आंदोलनाने पेटले, आणि वर्षभराने त्याच त्साय 81 लाखांहून अधिक मते मिळवून पुन्हा अध्यक्ष झाल्या.

मात्र यावरून ‘दबाव नेहमीच उलटतो’ असा नियम काढू नये. 2012 मध्ये बीजिंग तुलनेने शांत राहिले आणि मा पुन्हा जिंकले. 2018 मध्ये डीपीपी हरली ती प्रामुख्याने निवृत्तिवेतन, वीज, प्रदूषण अशा घरच्या प्रश्नांवर. मतदार फक्त शेजाऱ्याकडे पाहून मत देत नाही. सवलतींचेही तसेच आहे. जून 2013 मध्ये सेवाव्यापाराचा करार झाला, पण तो विधिमंडळात घाईने पुढे रेटला जात आहे असे वाटल्याने मार्च 2014 मध्ये विद्यार्थ्यांनी सभागृहच ताब्यात घेतले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथून हलले नाहीत. तो करार आजतागायत मंजूर झालेला नाही. मतदारांनी 2008 मध्ये तणाव कमी करण्याला कौल दिला होता. त्यापुढच्या प्रत्येक पावलाला आगाऊ संमती दिलेली नव्हती, आणि हा फरक ना तैपेईच्या तत्कालीन सरकारला उमगला, ना बीजिंगला.

प्रतिसाद : सरळरेषा

चर्चेचा सूर मला खटकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. ‘दोन्ही राजधान्या’, ‘दोन्ही बाजू’ असे लिहिल्याने जबाबदारी सारखी वाटली जाते. एक सरकार मतदारांना उत्तरदायी आहे आणि दुसऱ्याने 2005 मध्ये विभाजनविरोधी कायदा करून बळाच्या वापराची तरतूद लेखी स्वरूपात ठेवली आहे. त्साय यांनी 2016 मध्ये जितके पुढे येता येईल तितके पाऊल टाकले होते. त्याला अपूर्ण उत्तरपत्रिका म्हणणाऱ्याने स्वतःकडे परीक्षकाची खुर्ची घेतली, हेच मुळात आक्षेपार्ह आहे. तैवानचे लोक अनेक वर्षांपासून जनमत-चाचण्यांत ‘जैसे थे’ स्थितीलाच बहुमताने पसंती देत आले आहेत. तेव्हा निवडणूक संबंध बदलते, असे म्हणण्याऐवजी निवडणुकीचे निमित्त करून एक बाजू संबंध बदलते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

प्रतिसाद : रानपाखरू

सरळरेषा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. तरीही अक्षांश यांनी विचारलेल्या मूळ प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसऱ्या एका जोडीकडे पाहणे उपयोगी पडेल, ती म्हणजे दोन जर्मनी. तेथेही एकाच बाजूला खरे मतदान होत होते, आणि पश्चिम जर्मनी पूर्वेकडील राजवटीला राज्य म्हणून मान्यता देत नव्हती.

सप्टेंबर 1969 च्या निवडणुकीनंतर सोशल डेमोक्रॅट आणि फ्री डेमोक्रॅट यांची आघाडी झाली आणि व्हिली ब्रांट चॅन्सेलर (पश्चिम जर्मनीचे सरकारप्रमुख) झाले. मार्च 1970 मध्ये ते एर्फुर्टला जाऊन पूर्व जर्मनीच्या पंतप्रधानांना भेटले. ख्रिश्चन डेमोक्रॅट या धोरणाच्या कडाडून विरोधात होते. 27 एप्रिल 1972 रोजी त्यांनी ब्रांट यांना हटवण्यासाठी ठराव मांडला आणि तो अवघ्या दोन मतांनी फसला. तो फसावा म्हणून पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने पैसे चारले होते, हे पुढे उघड झाले. म्हणजे शेजारी सरकार दुसऱ्याच्या संसदेतील मतदानात किती खोलवर गुंतते, याचाही हा दाखला आहे. नोव्हेंबरमध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली, 91 टक्क्यांहून अधिक मतदान झाले, आणि ती जवळजवळ पूर्वेकडील राजवटीशी जुळवून घेण्याच्या या धोरणावरील सार्वमतच ठरली. ब्रांट यांची आघाडी भक्कम बहुमताने परतली आणि 21 डिसेंबर 1972 रोजी दोन जर्मनींमधील पायाभूत करारावर सह्या झाल्या. बव्हेरियाच्या सरकारने त्याला घटना न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने जुलै 1973 मध्ये करार वैध ठरवला, परंतु पुनर्एकीकरणाचे घटनात्मक उद्दिष्ट कायम आहे, असेही बजावले.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. 1982 मध्ये हेल्मुट कोल सत्तेवर आले, म्हणजे कराराला विरोध करणारा पक्ष सत्तेवर आला, आणि करार मोडला गेला नाही. उलट 1983 मध्ये पूर्व जर्मनीला एक अब्ज मार्कांचे कर्ज मिळवून देण्यात पुढाकार घेतला तो बव्हेरियाच्या फ्रान्झ योझेफ स्ट्राउस यांनी, ज्यांच्या पक्षाच्या सरकारने करार न्यायालयात नेला होता. 1987 मध्ये पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांचे पश्चिमेची राजधानी बॉनमध्ये स्वागत झाले तेही कोल यांच्याच हस्ते. एका निवडणुकीने उघडलेला मार्ग पुढच्या सत्तांतरात टिकला, कारण तो करार, न्यायालयाचा निर्णय आणि दोन्ही राजधान्यांत 1974 पासून असलेली कायम प्रतिनिधी-कार्यालये यांवर उभा होता, व्यक्तींमधील मैत्रीवर उभा नव्हता. त्यांना ‘दूतावास’ म्हटले नाही, म्हणून पश्चिमेची भूमिका शाबूत राहिली.

प्रतिसाद : शोधयात्री

जर्मनीचे उदाहरण दिलासा देणारे आहे, पण कोरियाकडे पाहिले की तो दिलासा बराच कमी होतो. दक्षिण कोरियात मे 2017 मध्ये मून जे-इन निवडून आले आणि वर्षभराच्या आत, 27 एप्रिल 2018 रोजी, सीमेवरील पानमुनजोम येथे उत्तर कोरियाशी शिखर-भेट झाली. सप्टेंबरमध्ये लष्करी करार झाला, उत्तर कोरियातील केसोंगमध्ये संपर्क-कार्यालय उघडले, जेथे दोन्हीकडचे अधिकारी एकाच इमारतीत बसत. फेब्रुवारी 2019 मध्ये हनोईत अमेरिका आणि उत्तर कोरिया यांची बोलणी फिसकटली आणि जून 2020 मध्ये उत्तर कोरियाने ती इमारत स्फोटाने उडवून दिली. या सर्व काळात सोलमध्ये सरकार तेच होते. म्हणजे अनुकूल निकाल आणि अनुकूल सरकार असूनही मार्ग बंद झाला, आणि इमारत असली तरी तिला संरक्षण मिळाले नाही.

2022 मध्ये उत्तरेबाबत कठोर भूमिका घेणारे युन सक-योल आले, 2024 मध्ये सीमेवर उत्तरेकडे प्रचार करणारे ध्वनिक्षेपक पुन्हा सुरू झाले, लष्करी करार पूर्णपणे स्थगित झाला. जून 2025 च्या निवडणुकीनंतर नवे अध्यक्ष ली जे-म्यंग यांनी आठवडाभरातच ध्वनिक्षेपक थांबवले आणि दुसऱ्याच दिवसापासून उत्तरेकडचा गोंगाटही थांबला. सीमेलगतच्या गावांतील लोकांना रात्री झोप मिळू लागली, ही गोष्ट मी लहान मानत नाही. परंतु उत्तर कोरियाने डिसेंबर 2023 मध्ये दक्षिणेला शत्रुराष्ट्र ठरवून एकीकरणाचे ध्येयच सोडले होते, आणि ती भूमिका सोलमधील सत्तांतराने बदलली नाही.

आणखी एक जुना प्रसंग येथे नोंदवतो. एप्रिल 2000 मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदीय निवडणुकीच्या तीन दिवस आधी किम दे-जुंग यांच्या सरकारने उत्तर कोरियाशी पहिली शिखर-भेट ठरल्याची घोषणा केली. त्याचा राजकीय लाभ होईल असे सर्वांनाच वाटले, पण सर्वाधिक जागा विरोधी पक्षालाच मिळाल्या. शेजाऱ्याशी जुळवून घेतल्याने मते मिळतात, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते.

प्रतिसाद : तटस्थ

शोधयात्री यांच्या मुद्द्याला धरून 2024 चा तैवानचा निकाल पाहावा, कारण तो एकाच रंगाचा नव्हता. 13 जानेवारी 2024 रोजी डीपीपीचे लाय चिंग-ते 40 टक्के मतांनी अध्यक्ष झाले, पण 113 सदस्यांच्या विधिमंडळात कुओमिंतांगला 52, डीपीपीला 51 आणि तैवान पीपल्स पार्टीला 8 जागा मिळाल्या. त्यामुळे बीजिंगसमोर एकाच वेळी दोन तैवान उभे राहिले आणि त्याने दोघांशी दोन वेगळ्या रीतीने व्यवहार केला. 10 एप्रिलला शी यांनी माजी अध्यक्ष मा यांची बीजिंगमध्ये भेट घेतली. महिनाअखेरीस कुओमिंतांगचे आमदार तेथे जाऊन आले. 20 मे रोजी लाय यांनी शपथ घेतली आणि तीनच दिवसांनी बेटाभोवती दोन दिवसांच्या लष्करी कवायती सुरू झाल्या. मेअखेरीस चौकट-करारातील आणखी 134 वस्तूंवरील जकात-सवलती रद्द करण्याची घोषणा झाली.

सीताफळाची कथाही याच पठडीतली आहे. 2021 मध्ये घातलेली बंदी जून 2023 मध्ये अंशतः उठली ती ताइतुंग जिल्ह्यातील नोंदणीकृत बागांसाठी, आणि त्या जिल्ह्याचे प्रशासन कुओमिंतांगकडे होते. कीड जिल्ह्याच्या हद्दी पाहून थांबते असे कोणी म्हणणार नाही. विरोधी पक्षाशी बोलणे हे गैर नाही, 2005 च्या भेटीमुळेच 2008 शक्य झाले हे मूळ लेखातही आले आहे. पण निवडून आलेल्या सरकारला वगळून फक्त पराभूत पक्षाशी बोलायचे ठरवले, तर त्या पक्षावर परक्याचा माणूस असा शिक्का बसतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याचेच नुकसान होते, ही गोष्ट बीजिंगने अजून नीट मनावर घेतलेली दिसत नाही.

प्रतिसाद : अक्षांश

सरळरेषा, जबाबदारी सारखी आहे असे मला सुचवायचे नव्हते. धमकी देणारा आणि धमकी ऐकणारा एका पारड्यात बसत नाहीत. तरीही मार्ग बंद झाल्याची झळ दोन्ही किनाऱ्यांवरील सामान्य माणसांना बसते, आणि माझी तळमळ त्यांच्यासाठी आहे. म्हणून 2024 चीच एक घटना सांगतो.

14 फेब्रुवारी 2024 रोजी, म्हणजे निकालानंतर महिनाभराने आणि शपथविधीच्या आधी, किनमेनजवळ चीनची एक विनानोंदणीची वेगवान बोट तैवानच्या तटरक्षकांच्या पाठलागात उलटली. चौघांपैकी दोघे बुडून मरण पावले. पाठलागाचे चित्रीकरण झालेले नव्हते, त्यामुळे दोष कोणाचा यावर वाद पेटला. अशा प्रसंगी 2015 मधला तो थेट दूरध्वनी कामाचा होता, पण तो आठ वर्षांपासून निरुपयोगी पडला होता. बोलणी फिसकटत राहिली, चीनच्या तटरक्षक नौकांनी किनमेनभोवतीच्या पाण्यात नियमित फेऱ्या सुरू केल्या, आणि दोन्ही मृतदेह नातेवाइकांच्या हाती पडले ते 30 जुलैला, साडेपाच महिन्यांनी. दोन मच्छीमार कुटुंबांना अंत्यसंस्कारासाठी इतके थांबावे लागण्याशी ‘एक चीन’ या सूत्राचा काय संबंध होता, हे मला कोणी समजावून सांगू शकेल असे वाटत नाही.

शोधयात्री म्हणतात त्याप्रमाणे कोणतीही व्यवस्था समोरच्याने उडवून द्यायचे ठरवले तर टिकत नाही. पण केसोंगचे कार्यालय शिखर-भेटीचे अपत्य होते, त्यामुळे शिखर-भेटींचे राजकारण फसताच तेही कोसळले. रानपाखरू यांनी सांगितलेली जर्मन कार्यालये नेत्यांच्या भेटींवर विसंबून नव्हती. माझ्या मते फरक येथे आहे.

प्रतिसाद : रानपाखरू

अक्षांश, आपण किनमेनचा उल्लेख केलात, म्हणून त्याच बेटावरचा एक करार येथे नोंदवणे आवश्यक आहे. 1990 च्या जुलैमध्ये तैवानने मुख्य भूमीवरून बेकायदा आलेल्या लोकांना परत पाठवताना त्यांना मच्छीमार बोटीच्या बंद केलेल्या तळघरात कोंबले होते, आणि त्यांतील 25 जण गुदमरून मेले. पुढच्याच महिन्यात अशाच परतपाठवणीत तैवानच्या नौदलाच्या जहाजाशी बोटीची टक्कर होऊन आणखी 21 जणांचा बळी गेला. दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती, अर्धसरकारी संस्थांची पहिली बोलणी व्हायला अजून अवधी होता, आणि 1992 चे ते सूत्र तर अस्तित्वातच नव्हते. तरीही त्याच सप्टेंबरमध्ये दोन्हीकडच्या रेड क्रॉस संस्थांनी किनमेन येथे बसून परतपाठवणीची पद्धत लेखी ठरवली. कोणत्या बंदरातून, कोणत्या जहाजाने, कोणाच्या साक्षीने माणसे सोपवायची, एवढेच त्यात होते. कोण कोणाचे सरकार आहे, याविषयी एक शब्दही नव्हता.

तो करार त्यानंतरच्या अनेक सत्तांतरांत वापरला गेला, कारण त्याला मान्य किंवा अमान्य करण्यात कोणत्याच पक्षाचा राजकीय फायदा नव्हता. तटरक्षकांचा संपर्क, समुद्रातील शोध-बचाव, मृतांची सोपवणी आणि साथीच्या रोगांची सूचना या चार कामांपुरते तरी असेच लेखी करार रेड क्रॉससारख्या संस्थांमार्फत किंवा किनमेन आणि समोरच्या फूच्येन प्रांतातील शहरांच्या पातळीवर करता येतील. ते करण्याची वेळ निकालानंतरची नसून आत्ताची आहे, म्हणजे 2026 च्या स्थानिक आणि 2028 च्या अध्यक्षीय निवडणुकीचा प्रचार त्यात शिरण्यापूर्वीची. बीजिंग यासाठीही आधी सूत्र मान्य करण्याची अट घालेल, असे सरळरेषा म्हणतील, आणि कदाचित ते खरेही ठरेल. परंतु 1990 मध्ये ती अट घातली गेली नव्हती, आणि तेव्हाचा अविश्वास आजच्यापेक्षा कमी नव्हता.